काकूंची वारी

पुणे, रविवार

प्रिय सुहास,

काल पालख्या पुण्यात आल्या. भवानी पेठेत दर्शनाच्या रांगेत उभा होतो आणि सारखी काकूंची आठवण येत होती. मागच्या फोनवर तू विचारलंस, 'आईनं ते वर्ष एकटीनं कसं काढलं रे?' तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसलो.

२०२० च्या मार्चमध्ये थाळ्या वाजल्या, तेव्हा काकू पितळी परात घेऊन गॅलरीत आल्या. खालच्या बाईंशी वर्षभर अबोला होता, त्यांच्याकडे बघून हसल्या. पुढे लोकांनी त्या थाळ्यांची टिंगल केली. मला कधीच करवली नाही. त्याच महिन्यात इटलीतली माणसं बाल्कनीत येऊन गात होती, इंग्लंडमध्ये दर गुरुवारी रात्री आठला टाळ्या वाजत होत्या. आवाजानं विषाणू मरत नाही, हे काकूंनाही ठाऊक होतं. पण भिंतीपलीकडे माणूस आहे, एवढं तर कळायचं.

तू ओसाकाहून अमाबिएचं, त्या जपानी दंतकथेतल्या जलचरीचं चित्र पाठवलं होतंस, आठवतं? लांब केस, पक्ष्याची चोच, अंगावर खवले. १८४६ साली हिगो प्रांताच्या समुद्रातून ती वर आली म्हणे, साथ येईल म्हणाली, आणि माझं चित्र काढून लोकांना दाखवा म्हणाली. मी ते छापून दिलं, तर काकू लगेच म्हणाल्या, 'अरे, ही तर त्यांची मरीआई!' त्यांच्या माहेरी पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचे. मी म्हटलं, मरीआई रोग आणते नि नेतेही, ही नुसती सावध करते. त्यांना तो फरक मान्य नव्हता. न दिसणाऱ्या रोगाला एकदा तोंड मिळालं की त्याच्याशी बोलता येतं, ओटी भरता येते. चित्र विठोबाच्या तसबिरीशेजारी लागलं. रोज एक फूल.

त्या आषाढात पादुका एस.टी.नं पंढरपूरला गेल्या. काकूंनी हॉल ते गॅलरी अशी वारी धरली, हरिपाठ म्हणत. दिवे घाटाच्या दिवशी सोसायटीचा जिना दहा वेळा चढल्या आणि संध्याकाळी मला फोन: 'सासवडला पोचले रे.' आवाजात खरा थकवा होता, आणि काय आनंद!

पुढच्या एप्रिलचं मात्र कशानंच भरून निघालं नाही. तुला येता आलं नाही, वैकुंठ स्मशानभूमीत मी लांबून फोन धरून उभा. खांदेकरी नाहीत, घरी भेटायला कुणी नाही, पिठलंभात घेऊन येणारं कुणी नाही. तुला अजून झोप लागत नाही म्हणालास. सुहास, त्यात तुझा दुबळेपणा नाही. चार माणसांत रडायचं असतं, ते आपलं राहून गेलं.

डिसेंबरात ये. आळंदीला इंद्रायणीवर जाऊ, काकूंच्या दिंडीतल्या बायकांना बोलावू, खालच्या बाईंनाही. अमाबिए माझ्याकडे आहे. कडा पिवळ्या पडल्यात, कपाळावर काकूंनी लावलेलं कुंकू तसंच आहे. पोस्टानं पाठवायला मन होत नाही. तू आलास की देईन.

तुझा,
मिलिंद