बांगडीतली पिन

महोदय,

गेल्या रविवारी नातवंडांना घेऊन बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीला गेलो. शंभराहून अधिक लेणी, दगडात खोदलेली पाण्याची टाकी, सगळं दाखवायचा माझा बेत. (मुलांना रस फक्त माकडांत!) वरच्या पायऱ्यांवर धाकटीच्या चपलेचा पट्टा तुटला. कातळ असा तापलेला की अनवाणी पाय टेकवेना, आणि माझे गुडघे तिला उचलून घेण्याचे राहिलेले नाहीत.

एका कॉलेजच्या मुलाने न विचारताच तिला खांद्यावर बसवलं आणि खाली आणून सोडलं. तिथे काकडी विकणाऱ्या मावशींनी चपलेकडे पाहिलं, हातातली सुरी बाजूला ठेवली, बांगडीत अडकवलेली पिन काढली आणि पट्टा आतून ओवून घट्ट केला. वर तिखटमीठ लावलेली काकडीची फोड नातीच्या हातात. पैसे काढले तर म्हणाल्या, ''काकडीचे द्या, पिनेचे कसले?''

तो मुलगा तोवर निघून गेला होता. मावशींचं नावही विचारायचं राहिलं. दोघांचे आभार आपल्या पत्रातून मानतो. ती पिन अजून चपलेतच आहे. नात काढू देत नाही.

– एक आजोबा, दहिसर