पोरी, तुझ्या चांदीबद्दल

प्रिय चिमे,

परवा फोनवर तू घाईत होतीस म्हणून लिहितोय, निवांत वाच. प्लॅस्टिकवर चांदीच्या बारीक कणांची, वीज वाहून नेणारी रेघ ओढतो आणि लेसरने पक्की करतो म्हणालीस, तेव्हा मी नुसतं हं हं केलं, पण डोक्यातून जाईना. अगं हुपरीत जन्म गेला माझा, चांदी 961 डिग्रीला मुशीत पाणी होते, आणि तुझं ते पीईटी, म्हणजे खालचं प्लॅस्टिक, तर 250 च्या आसपासच वितळतं, मग ते जळत कसं नाही?

मग तू पाठवलेलं वाचलं. मला कळलं ते असं, कण पाच-दहा नॅनोमीटरचा झाला की त्यातले बरेच अणू पृष्ठभागावरच येतात, त्यांना धरून ठेवायला शेजारी कमी, म्हणून ते कमी तापमानालाच हलायला लागतात. कण पूर्ण वितळायचीही गरज नाही, दोन कण टेकतात तिथे मानेसारखा बारीक पूल तयार होतो आणि जोड बसतो. म्हणजे ही आटणी नव्हेच, झाळकाम आहे, तेही डाक न घालता! आणि लेसरचा पल्स नॅनोसेकंदांचा, खालच्या प्लॅस्टिकपर्यंत फारशी उष्णता जायच्या आतच सगळं गार.

चांदीचे कण शाईत मिसळून रेघ ओढायची, ते मात्र मला पटलं नाही. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर सेंद्रिय लेप द्यायचा आणि नंतर तोच जाळून काढायचा, थोडा जरी राहिला तरी रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढणार. त्यापेक्षा अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठातल्या लोकांची कोरडी पद्धत मला आवडली बघ. एक लेसर घन चांदीवर मारून आर्गॉन वायूमध्ये जागच्या जागी कण बनवायचे, गॅसबरोबर नॉझलमधून सोडायचे आणि पडतील तिथेच दुसऱ्या लेसरने जोडायचे, शाईच नाही तर लेपाची भानगडच नाही. तुमच्या सरांना विचार की तुमच्याकडे का करत नाहीत, खर्चाचं असेल तर तसं सांगतील.

माझी शंका वेगळीच आहे. पैंजणाची कडी तुटते ती बहुतेक वेळा जोडावर. तुझ्या फिल्ममध्ये तर सगळे जोडच, शिवाय कणांमध्ये बारीक पोकळ्या राहतात म्हणतेस. मग वाकवून वाकवून रेझिस्टन्स किती वाढतो ते मोजता की नुसता पहिल्या दिवसाचा आकडा लिहिता? आणि प्लॅस्टिकवरची पकड, टेप लावून ओढून बघता काय?

दिवाळीला येताना एखादा वाया गेलेला तुकडा आण. भिंगातून जोड दिसणार नाहीत, त्याला तुमचा एसईएम, तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, लागतो हे माहितीये, तरी आण.

बाबा