कार्पेटची ओल ओळखणाऱ्या मेकॅनिकदादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

गाडीचं डावीकडचं कार्पेट आषाढभर ओलं होतं. आधीच्या गॅरेजवाल्यांनी "पावसाचं पाणी येतंय" म्हणून समोरच्या काचेच्या रबराला दोनदा सीलंट लावलं, दोनदा पैसे घेतले. खाली वाकून बघितलं कुणीच नाही. तुम्ही आलात, अंगणातल्या चिखलात गुडघे टेकलेत, ओल दोन बोटांत चोळलीत आणि म्हणालात, "तुम्हीच चोळून बघा." बुळबुळीत, हिरवट, गोडसर वासाची. पावसाचं किंवा एसीचं पाणी असं नसतं. हे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव; गाडीत गरम हवा देणारी डॅशबोर्डमागची हीटर कॉइल गळत होती. काचेवर आतून चढणारा तेलकट थर, बाहेर एक थेंब न सांडता उतरणारी कूलंटची पातळी, सगळं तिथेच उलगडलं. पैसे देणाऱ्याला आधी स्वतःच्या हाताने खात्री करू देणं, हे दादा, फार कमी जणांना सुचतं.

कॉइलच्या दोन्ही होज, म्हणजे रबरी नळ्या, एकमेकांना जोडून कॉइल वगळता येते, ही स्वस्तातली वाटही तुम्ही लपवली नाहीत. पण पावसात आंबा घाट चढताना काच धुरकटली की गरम हवा हवीच, म्हणून कॉइल बदलायचं ठरलं.

तुमच्या हाताला घाई ठाऊक नाही. जुनी होज चिकटली होती. ओढली असती तर इंजिनकडचं तोंड मोडलं असतं. तुम्ही ब्लेडने उभी चिरून सोलून काढलीत. नव्या कॉइलभोवती फोमची पट्टी लावलीत, नाहीतर थंड हवा कडेनेच निसटते. काढलेलं कूलंट टबात धरलंत, कारण गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं ते चाटतात आणि जिवाला मुकतात. कॉइल कशाने खाल्ली तेही स्पष्ट सांगितलंत: वर्षानुवर्षं ओतलेलं बोअरचं खारं पाणी. आता निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर.

भरताना हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत इंजिन चालू. डॅशबोर्डमागे गुळगुळ आवाज आला तर आत हवा अडकलीय. आवाज नाही. सकाळी इंजिन थंड असताना पातळी बघतो, खुणेवरच असते. कार्पेटखालचा नमदाही कोरडा आहे.

गणपतीला सहकुटुंब घरी या.