गजाला पत्र : सांदवाडीतला पांढरा पास्ता

ता. वरुड, जि. अमरावती
जानेवारी

प्रिय गजा,

परवा फोनवर पोटभर हसून घेतलंस. “खेड्यात बसून बेकन खातं काय बे तू?” म्हणालास आणि लगेच माझ्या बेकन-ब्रोकोलीच्या पांढऱ्या पास्त्याची कृतीही मागितलीस. सांगायला लागलो तर तुझी मीटिंग सुरू झाली. म्हणून लिहूनच पाठवतो. त्या पुण्याच्या खोलीत रोज मेसचा डबा खाऊन तुझी जीभ मेली असेल, तिला थोडं काम मिळू दे.

इकडची खबर थोडक्यात. तूर सोंगून झाली, कापसाचा शेवटचा वेचा बाकी आहे. संत्र्याचा आंबिया बहार व्यापाऱ्यानं तोडून नेला. भाव विचारू नको.

पास्त्यातली ब्रोकोली मात्र घरची आहे. फुलकोबीच्या शेजारी थोडी लावून पाहिली. आठवडी बाजारात बाया गड्डा उलटासुलटा करून पाहतात, “हे कोबी हिरवी काहून हाये?” म्हणतात आणि फुलकोबीच घेऊन जातात. आता फुलकोबी, पत्ताकोबी आणि ही, वनस्पतिशास्त्रात तिघी एकाच जातीच्या. पण बाजारात शास्त्र कोण ऐकतं! तू विकत घेशील तेव्हा कळ्या घट्ट, गर्द हिरव्या बघून घे. पिवळी फुलं डोकावायला लागलेला गड्डा घेऊ नको. आमच्याकडे मधला गड्डा कापला की बाजूनं बारके फुटवे येतात. ते कोणी विकत घेत नाही, आणि माझ्या मते खायला तेच चांगले.

बेकन नागपूरहून येतं. भाचा तिकडं शिकतो, तो येताना फ्रोझन मालाच्या दुकानातून पाकीट घेतो आणि बर्फाच्या डब्यात घालून आणतो. डुकराच्या पोटाकडचं चरबीदार मांस, मीठ लावून मुरवलेलं आणि धुरी दिलेलं. धुरी दिली तरी ते बहुतेक कच्चंच असतं, तेव्हा तसंच तोंडात टाकू नको, तुझा भरवसा नाही. आईची अट एकच: घरातल्या ओट्यावर नाही अन् घरातल्या भांड्यात नाही. म्हणून घरामागच्या सांदवाडीत वेगळी चूल आणि वेगळी लोखंडी कढई. बाबा “मी नाही खात बापा ते” म्हणतात आणि खाट मात्र चुलीजवळच ओढून घेतात.

आता कृती. दोघांपुरतं सांगतो, तू एकटा असलास तरी तेवढंच कर, तुझं पोट मला माहीत आहे. पास्ता 200 ग्रॅम, बेकन 100 ग्रॅम, ब्रोकोलीचा एक मध्यम गड्डा, लसणाच्या चार पाकळ्या, अर्धी वाटी साय किंवा क्रीम, चीजचे दोन क्यूब, मिरे. कांदा नको. लोक घालतात, पण त्याचा गोडसरपणा इथं मला खपत नाही.

पास्ता घेताना पाकिटावर डुरम गव्हाचा रवा लिहिलंय का ते बघ. मैद्याचा असला तर शिजताना पार गिचका होतो. डुरम म्हणजे काही विलायती भानगड नाही, आपल्याकडचा बन्सी गहू त्यातलाच. आजीला पेनेचं, म्हणजे नळीच्या पास्त्याचं, पाकीट दाखवलं तर तिनं दोन नळ्या हातात घेऊन निरखल्या आणि म्हणाली, “हे तं मशीनचे सरगुंडे हायेत.” काडीवर कणीक गुंडाळून, सरकवून, खाटेवर वाळवलेले सरगुंडे तूही आमच्या घरी आमरसात बुडवून हादडलेत, तेव्हा आजीशी वाद घालायची सोय तुलाही नाही.

सगळ्यात आधी पाणी ठेव. वेळ लागतो तो त्यालाच, बाकी सगळं त्या उकळीच्या आसपास उरकतं. 200 ग्रॅमला दोन लिटर पाणी, त्यात दीड चमचा मीठ. एरवी दोन चमचे घातलं असतं, पण बेकन आणि चीज दोन्ही खारट आहेत.

पाणी तापतंय तोवर बेकनचे बोटभर रुंद तुकडे कर. कढई थंड असतानाच ते टाक आणि मग खाली जाळ लाव, तोही मंद. तापल्या कढईत टाकलंस तर वरून करपतं आणि चरबी आतच राहते. मंद आचेवर आधी पांढरी चरबी पारदर्शक होते, मग तेल सुटायला लागतं. सुरुवातीला मोठमोठे बुडबुडे येतात, चांगला तडतडाट होतो. आतलं पाणी उडत गेलं की बुडबुडे बारीक होतात, आवाज उतरतो आणि तुकड्यांच्या कडा तांबूस होऊन वळतात. इथं थांबायचं. तुकडे काढून ठेव, कढईत दोन चमचे चरबी राहू दे, बाकीची वाटीत काढ. ती टाकू नको, दुसऱ्या दिवशी त्यात आलू परतून बघ.

उकळीला पास्ता टाक. पाकिटावर समजा 11 मिनिटं लिहिली असतील, तर तू 9 धर. शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली की त्याच पाण्यात ब्रोकोलीचे तुरे सोड. दांडाही सोलून, चकत्या करून घाल, तो फेकणारा माणूस मला आवडत नाही. एक नळी दातानं तोडून बघायची. तिच्या जाडीत मधे बारीक पांढरी रेघ दिसली तर झालं, उरलेलं कढईत शिजतं. गाळण्याआधी एक मोठी वाटी पाणी बाजूला काढ. हे विसरू नको.

कारण सगळी गंमत त्या गढूळ पाण्यात आहे. पास्त्याचा स्टार्च त्यात उतरलेला असतो, तो चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवतो. लोकांना वाटतं पांढरा पास्ता म्हणजे क्रीमच क्रीम, आणि मग अख्खं पाकीट ओततात. दोन घास गेले की तोंड मिटतं. रोममध्ये कार्बोनारा नावाचा पास्ता करतात त्यात तर क्रीम नसतंच. अंडं, चीज, डुकराच्या गालाची मुरवलेली चरबी आणि मिरे, एवढ्यावर तो दाट होतो. आपण क्रीम घालू, पण बेतानं.

तर, कढईत ठेवलेल्या चरबीत लसूण परतून घे, लाल होऊ देऊ नको. त्यात अर्धी वाटी ते पाणी ओत आणि बुडाला चिकटलेलं खरवडून घे, चव तिथंच असते. मग पास्ता आणि ब्रोकोली घालून मिनिटभर जोरात हलव. आच अगदी बारीक कर, साय घाल, चीज किसून घाल. आता उकळी नको, नाहीतर फाटतं. परमेसान, म्हणजे ते इटलीचं कडक चीज, मिळालं तर छानच, पण आमच्या किराणा दुकानातले क्यूब या कामाला वाईट नाहीत, ते गुठळ्या न होता वितळतात. घट्ट वाटलं तर आणखी पाणी. ताटात जाताना थोडं सैलच असू दे, बसल्या बसल्या आळतं. वरून बेकन, भरड कुटलेले मिरे आणि पुरणातलं उरलेलं जायफळ असेल तर चिमूटभर.

साय मी त्याच दिवशीची, म्हशीच्या दुधावरची घेतो आणि दोन चमचे दूध घालून घुसळतो. लोण्यासाठी साठवलेली साय चालत नाही, ती आंबटलेली असते आणि कढईत फुटते. तू पाकिटातलं क्रीम घे.

आई आणि आजीसाठी हेच बेकनशिवाय, घरातल्या ओट्यावर करतो. चरबीच्या जागी लोणी. धुराचा वास हवा म्हणून पेटता कोळसा वाटीत ठेवून त्यावर तुपाचे दोन थेंब सोडतो आणि मिनिटभर झाकण लावतो. आजीनं त्याच्यावर तिखट भुरभुरून खाल्लं. मी काही बोललो नाही, आणि खरं सांगायचं तर चांगलं लागत होतं. नुसत्या सायीला थोडा झटका हवाच असतो.

आणि हे उद्यासाठी उरवू नकोस. गार झाला की गोळा होतो, गरम करायला गेलं की तेल वेगळं आणि पास्ता वेगळा.

तू हुरड्याला येतो म्हणालास ते नक्की कर, फार उशीर केलास तर ज्वारी टणक होईल. येताना पुण्याहून परमेसानचा एक तुकडा आण. बेकन आणू नको, रात्रभराच्या गाडीत ते टिकायचं नाही. त्याचं मी भाच्याला सांगून ठेवतो. किती माणसं येताय तेवढं आधी कळव, कढई लहान आहे.

तुझा,
बाळ्या