चि. प्रणवला, नाशिक रोडच्या तोफखाना केंद्राच्या पत्त्यावर

चि. प्रणव,
अनेक आशीर्वाद.

मोबाइल जमा करून घेतले असतील, म्हणून पत्र. तसंही फोनवर तुझं अर्धं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं तुझी आई ऐकू देत नाही. शेगावला तुझी गाडी सुटल्यावर आम्ही महाराजांचं दर्शन घेऊन परतलो. आई खामगावपर्यंत एक शब्द बोलली नाही. पुढं बोलायला लागली ती घर येईपर्यंत थांबली नाही. शामकाकाच्या वेळी माय अशीच होती म्हणतात.

अग्निवीराची चार वर्षं संपल्यावर काय, यावर आपलं बोलून झालं आहे. आत्याकडं तर पंक्तीत सगळ्यांसमोर झालं. तो विषय या पत्रात काढायचा नाही, असं ठरवून बसलो आहे.

१९९० मध्ये मी नाशिक रोडला उतरलो तेव्हा हिंदी धड येत नव्हतं. उस्ताद, म्हणजे शिकवणारा हवालदार, काय म्हणतो ते कळेपर्यंत रगडा, म्हणजे शिक्षेची कवायत, सुरू झालेला असायचा. तुझं तसं होणार नाही. तरी सांगतो. उस्तादाला उलट उत्तर देऊ नको. ओले मोजे दुसऱ्या दिवशी चढवू नको, पाय सडतात. ताटात येईल ते खा, आईच्या हातची वांग्याची भाजी तिथं आठवायची नाही. आणि गनच्या फायरिंगला कानात जे घालायला देतील ते घालच. शेजारचा घालत नाही म्हणून काढू नको. आमच्या वेळी कापसाचे बोळे होते, १९९९ मध्ये कारगिलच्या युद्धात द्रासला तेवढ्यावर भागवलं. रात्र रात्र बोफोर्स तोफा चालायच्या. चाळीस किलोच्या वरचा एकेक गोळा, तो उचलून उचलून खांदे जात, पण खांदे परत येतात. डावा कान आला नाही. शाळेत डावीकडच्या बाकांवरच्या पोरांना हे पहिल्या आठवड्यातच कळतं. दरवर्षी वात्रट पोरं आपोआप त्या बाजूला सरकतात. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही, आणि मी जागा बदलवत नाही.

द्रासचं मी घरी फार बोललो नाही. वर्गात बोललो, तेही भूगोल म्हणून. नववीला समोच्च रेषा आल्या की फळ्यावर द्रासजवळचा तोलोलिंगचा डोंगर काढतो. रेषा जवळ जवळ आल्या की चढ उभा, हे पोरं पाठ करतात. मग सांगतो, की त्याच रांगेतल्या एका शिखराचं नाव ५१४० आहे कारण त्याची उंची तेवढे मीटर आहे, आणि एवढ्या उंचीवर हवा विरळ असल्यानं गोळा लांब जातो, मैदानातला रेंजचा हिशोब तिथं चालत नाही. आम्हाला गनवरून शिखराची पलीकडची बाजू दिसायची नाही. ओपीवरचा, म्हणजे पुढच्या टेहळणी चौकीवरचा, माणूस आकडे सांगायचा, आम्ही टाकायचो. १३ जूनला तोलोलिंग आपलं झालं हे कळलं तेव्हा आम्ही रिकाम्या पेट्या रचत होतो. कोण कोण वर राहिले ते नंतर कळलं. फळ्यावर एवढं मी सांगत नाही. २०२२ मध्ये त्या ५१४० ला ‘गन हिल’ नाव दिलं, तोफखान्याच्या मानासाठी. तेव्हा तू बातमी दाखवायला मोबाइल घेऊन शेतात धावत आला होतास. मला वाटतं तुझं तिथंच ठरलं.

आता लिहितोच. चार वर्षांनी शंभरात पंचवीस अग्निवीर कायम ठेवतात. म्हणजे चाळीस पोरांत दहा. परवा दहावीची हजेरी घेताना मनात आलं, यातली दहा निवडायला सांगितली तर मी कोणती निवडीन? तीन नावं सुचली आणि थांबलो. उरलेली वाईट आहेत म्हणून नाही. सगळीच धावतील, सगळीच ऐकतील. तू म्हणतोस मी त्या पंचवीसांत येणारच. येशीलही. पण न आलेली पंच्याहत्तर पोरंही हेच म्हणत गेलेली असतील.

माझं वेगळं होतं. सुट्ट्यांत येऊन मुक्त विद्यापीठाच्या परीक्षा दिल्या, सुटून आल्यावर बी.एड. केलं. एका संस्थेनं डोनेशनचा आकडा सांगितला तेव्हा उठून येता आलं, कारण दर महिन्याला पेन्शन जमा होत होती. शिक्षणसेवकाची तीन वर्षं तिच्यावरच निघाली, आणि पश्चिमेकडची दोन एकर विकावी लागली नाही. तुला पेन्शन नाही. हातात अकराएक लाख येतील, आणि आपल्याकडं हातात आलेल्या पैशाला किती वाटा फुटतात ते शामकाकाच्या ट्रॅक्टरवरून तू पाहिलं आहेस. म्हणून इग्नूची पदवी. अग्निवीरांना निम्मे क्रेडिट प्रशिक्षणातूनच मिळतात, निम्म्याचाच अभ्यास आहे. सोय आहे तर सोडू नये. फॉर्म पहिल्याच वर्षी भर, शेवटच्या वर्षी नाही.

झालं माझं व्याख्यान. तू म्हणशील बाबा फळा सोडायला तयार नाहीत. राग मानू नको.

यादीत तुझं नाव आलं त्या दिवशी मी प्रिंट काढून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली आणि काही बोललो नाही. ते चष्मा लावून बराच वेळ शोधत बसले. शेवटी मी बोट ठेवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, डावीकडच्यांनी जास्त. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत बसवायला तू वर्षभर पहाटे धावलास. मी मोबाइलवर वेळ लावून उभा असायचो, तेव्हा कौतुकाचं बोललो नाही. सेकंदच सांगत राहिलो.

तुझ्या कागदांत अठ्ठेचाळीस लाखांच्या विम्याचं पान होतं. आई सगळं वाचून दाखवा म्हणाली. तेवढं एक पान मी उलटलं. वारसाच्या रकान्यात तिचं नाव आहे हे तिला सांगितलेलं नाही, तूही पत्रात लिहू नको. पुलवामात आपल्या जिल्ह्यातली दोन पोरं गेली तेव्हा ती दोन दिवस टीव्हीसमोरून उठली नव्हती.

घरचं ठीक. सोयाबीन सोंगून झालं, भाव पडलेला आहे, म्हणून घरातच ठेवलं. कापसाची पहिली वेचणी चालू आहे, मजूर मिळत नाही. तूर चांगली आहे. तुझे धावायचे बूट मी घालून पाहिले, मला होतात.

माय रोज विचारते, पोट्ट्याले तोफ चालवू देतात का नुसती पुसाले लावतात? मी म्हटलं, सुरुवातीला पुसायलाच लावतील. तिला ते बरं वाटलं.

तुझा,
बाबा