खाऱ्या पाण्याच्या टाकीतले किडे ओळखायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई, स.न.

आभार खासगीत मानले असते तरी चाललं असतं. पण तुम्ही जे सांगितलंत ते टाकीत लाइव्ह रॉक (जिवाणू आणि बारीक जीव वस्तीला असलेले समुद्री दगड) घालणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी लागणारच, म्हणून हे सगळ्यांसमोर.

माझ्या टाकीत दिसलेला गुलाबी-करड्या अंगाचा, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांची झालर असलेला तो लांबलचक किडा बघून बहुतेकांनी एकच सल्ला दिला : मारून टाक. तुम्ही मात्र उलट मलाच प्रश्न विचारलेत. तो जिवंत कोरलवर (प्रवाळावर) चढून खातो, की तळाचं उरलंसुरलं? दिवसा फिरतो, की दिवे मालवल्यावर? लाल उजेडात बघायलाही तुम्हीच सुचवलंत. पांढरा टॉर्च लागताच भोकात पळणारे हे जीव लाल उजेडाला फारसे बुजत नाहीत, आणि निवांत न्याहाळता येतात.

निघाला साधा ब्रिसल वर्म, म्हणजे केसाळ किडा. माशांनी टाकलेलं अन्न, विष्ठा, दगडाखाली मेलेली एखादी गोगलगाय, सगळं फस्त करणारा सफाई कामगार. ज्याच्या नावाने सगळे घाबरवतात तो दाढीवाला फायरवर्म, म्हणजे हर्मोडिस कॅरंक्युलाटा, खरोखर कोरल खातो. पण तो जाडजूड असतो, केसांचे पांढरेशुभ्र झुबके आणि त्यांच्या बुडाशी लालसर कल्ले. दोघं एकाच कुळातले, त्यामुळे गल्लत व्हायचीच. केस मात्र साध्या ब्रिसल वर्मचेही टोचतात. हातमोजे घाला, आणि टोचलेच तर चिकटपट्टी लावून उपटा, ही तुमची सूचना मी टाकीच्या झाकणावरच लिहून ठेवली आहे.

संख्या वाढली तर किड्यांना नव्हे, खाण्याच्या डब्याला दोष द्या, असं तुम्ही म्हणालात. अन्न कमी केलं की तेही कमी होतात. सगळे एकदम मारले तर दगडाच्या आत कुजून अमोनिया वाढतो, हे मारण्याचा सल्ला देणाऱ्यांपैकी कुणीही सांगितलं नव्हतं.

मग बाकीच्यांचीही ओळख झाली. काचेवरची मिलिमीटर-दोन मिलिमीटरची पांढरी वेटोळी म्हणजे स्पायरॉर्बिस. वाळूवर पसरणारे पारदर्शक दोरे स्पॅगेटी वर्मचे. तो स्वतः नळीत बसून दोऱ्यांनी कण ओढून घेतो. दगडावरची कडक नळी आणि तिच्यातून सुटणारं चिकट जाळं हे मात्र किड्याचं कामच नव्हे, ती व्हर्मेटिड गोगलगाय, आणि तिच्या जाळ्याचा शेजारच्या कोरलला त्रास होतो.

तुम्ही सरसकट अभय दिलं नाहीत, हे मला जास्त आवडलं. तांबूस चपट्या किड्यांबद्दल तुमचा सूर लगेच बदलला : औषध घालण्याआधी नळीने जमतील तितके ओढून काढ, कारण खूप एकदम मेले तर त्यांच्यातलं विष पाण्यात उतरतं, शिवाय ते शोषून घ्यायला कार्बन (सक्रिय कोळसा) तयार ठेव.

सोबत नवा फोटो जोडतोय. अंगाला केस नाहीत, वलयं नाहीत, हात लावला की सोंडेसारखं पुढचं टोक आत ओढून घेतो. मी पीनट वर्म म्हणतोय. तुमचं काय मत?

तुमचा ऋणी,
टाकीवाला धाकटा भाऊ