अठ्ठाविसाव्या वर्षी पुन्हा बाकावर

लंडन,
रविवार रात्र

प्रिय सुहास,

तुझा व्हॉइस मेसेज शुक्रवारी कामावर असताना आला. घरी येऊन तीनदा ऐकला. ऑफिसची किल्ली मालकाला परत दिलीस, टेबलं-खुर्च्या विकल्यास, पोरांचे पगार चुकते केलेस, हे सगळं एका दमात सांगितलंस. आणि शेवटी म्हणालास, "एकतिसाव्या वर्षी आता पीएच.डी. करायला कुणाच्या हाताखाली जाऊ? धंदा जमला नाही म्हणून शिकायला गेला, असंच म्हणतील लोक." फोन केला असता तर तू विषय बदलला असतास. म्हणून लिहितोय.

कृत्रिम बुद्धिमत्तेतला, डीपमाइंडवाला डेमिस हसाबिस तुला माहीत आहे. २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल, प्रथिनांचे आकार ओळखणारं अल्फाफोल्ड, गो या खेळात ली सेडोलला ४-१ हरवणारं अल्फागो. ते सगळं आज बाजूला ठेव. मला तुला २००५ सालचा हसाबिस दाखवायचाय.

त्याआधी थोडं मागे जाऊ. जन्म १९७६चा, इथलाच, लंडनचा. वडील सायप्रसमधले ग्रीक, आई सिंगापूरची चिनी. चौथ्या वर्षी बुद्धिबळ शिकला. आठव्या वर्षी स्पर्धेच्या बक्षिसाच्या पैशातून त्याने झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर घेतला आणि पुस्तकं समोर ठेवून स्वतःच प्रोग्रॅमिंग शिकला. तेराव्या वर्षी बुद्धिबळातलं रेटिंग २३००. त्या वयोगटात जगात त्याच्यापुढे फक्त हंगेरीची युदित पोल्गार. सांगलीच्या उन्हाळी स्पर्धांत आपण सतरंजीवर बसून आपला नंबर कधी लागतो याची वाट बघायचो ना, त्या वयाचा हा मुलगा.

बाराएक वर्षांचा असताना लिश्टेनस्टाइनमधल्या एका स्पर्धेत त्याचा एक डाव तासन् तास चालला. पार थकून त्याने डाव सोडला, आणि मग प्रतिस्पर्ध्याने दाखवलं की त्या पटावर अजून बरोबरी शिल्लक होती. त्या हॉलमध्ये बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं, की इतकी सगळी डोकी इथे एका खेळावर झिजताहेत, हीच एखाद्या मोठ्या प्रश्नाला लावली तर? बुद्धिबळात करिअर करायचं नाही हे तिथून ठरत गेलं. मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. हरल्यावर आपण चिडायचो. त्याला प्रश्न पडला.

पुढे एका मासिकाच्या स्पर्धेतून त्याला गिल्डफर्डच्या बुलफ्रॉग या गेम बनवणाऱ्या कंपनीत शिरकाव मिळाला. केंब्रिजने वय कमी म्हणून वर्षभर थांबायला सांगितलं होतं, त्या काळात त्याने कंपनीच्या पीटर मॉलिन्यूबरोबर 'थीम पार्क' हा गेम बनवला. १९९४ साल, वय सतरा. तुझ्या दादाच्या कॉम्प्युटरवर आपण तो खेळलोय, आठवतं? चिप्सवर मीठ वाढवलं की पाहुण्यांना तहान लागायची आणि कोल्ड्रिंकचा स्टॉल चालायचा. प्रत्येक पाहुण्याला स्वतःची भूक, स्वतःची तहान, स्वतःचा कंटाळा. आपण हसत होतो, पण ती त्याच्या विषयाची सुरुवात होती.

केंब्रिजला क्वीन्स कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स, १९९७ला डबल फर्स्ट, म्हणजे परीक्षेच्या दोन्ही टप्प्यांत पहिला वर्ग. मग १९९८ला, बाविसाव्या वर्षी, स्वतःची गेम कंपनी काढली, एलिक्सर स्टुडिओज. वाढत वाढत साठेक माणसं झाली. पहिला गेम 'रिपब्लिक'. नॉव्हिस्ट्राना नावाचा एक काल्पनिक देश अख्खाच्या अख्खा कॉम्प्युटरमध्ये उभा करायचा, प्रत्येक नागरिकाला स्वतःचं मन आणि स्वतःची मतं द्यायची, असा घाट. त्या काळच्या मशीन्सना ते झेपणारं नव्हतंच. वर्षांमागून वर्षं गेली, एकेक गोष्ट कापत कापत गेम २००३ला आला आणि लोकांनी त्याला जेमतेम म्हटलं. पुढच्या वर्षी 'ईव्हिल जीनियस' आला. तो बरा गेला, पण २००५च्या एप्रिलमध्ये कंपनी बंद झाली. वय अठ्ठावीस.

आता मला खरं सांगायचंय ते इथे आहे. या माणसाला गेमच्या धंद्यात कुठेही बोलावणं आलं असतं. तो गेला तो युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनला, कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्समध्ये, म्हणजे मेंदू विचार कसा करतो या शास्त्रात, पीएच.डी. करायला. गेममधली 'बुद्धी' म्हणजे माणसांनी हाताने लिहिलेले नियम असतात, हे त्याने दहा वर्षं जवळून पाहिलं होतं. स्वतः शिकणारं यंत्र हवं असेल, तर जे शिकतं त्या मेंदूकडेच जायला हवं, हे त्याचं गणित.

त्याच्या मार्गदर्शक एलिनॉर मॅग्वायर. लंडनच्या टॅक्सीवाल्यांच्या मेंदूचा तो गाजलेला अभ्यास त्यांचाच, २०००चा. हजारो रस्ते पाठ करणाऱ्या या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी जोडलेल्या भागाचा, मागचा भाग मोठा निघाला होता. मी रोज माणसांना एमआरआयच्या बोगद्यात सरकवतो, तेव्हा पडद्यावर हा करंगळीएवढा, वळलेला भाग मला दिसतो. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला एकेक. आजारात तो सुकलेला असला की माझ्यासारख्या टेक्निशियनलाही कळतं.

हसाबिसने असे पाच रुग्ण घेतले, ज्यांचा हिप्पोकॅम्पस खराब झाला होता आणि ज्यांच्या नव्या आठवणी टिकत नव्हत्या. त्यांना जुनं काही विचारलंच नाही. नवीन कल्पना करायला सांगितलं: तुम्ही समुद्रकिनारी पांढऱ्या वाळूवर पडलाय, आजूबाजूला काय दिसतं ते सांगा. त्यातल्या एकाचं उत्तर वाचून मी तसाच बसून राहिलो. त्याला पक्ष्यांचा आवाज येत होता, बोटांमध्ये वाळू लागत होती, पण डोळ्यांसमोर नुसतं आभाळ. तुकडे होते, त्यांचा देखावा होत नव्हता. पाचांपैकी चौघांचं असंच. म्हणजे आठवणं आणि कल्पना करणं ही दोन वेगळी कामं नाहीत, दोन्हींच्या मागे मेंदूची एकच जोडणी आहे. हा पेपर २००७मध्ये आला आणि 'सायन्स' नियतकालिकाने वर्षातल्या दहा मोठ्या शोधांत तो धरला. कंपनी बंद होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

२००९ला पीएच.डी. झाली. २०१०ला शेन लेग आणि मुस्तफा सुलेमान यांच्यासोबत डीपमाइंड ही कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी काढली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात पीटर थील या बड्या गुंतवणूकदाराच्या घरच्या पार्टीत त्याने पैसे मागितलेच नाहीत. उंट आणि घोडा यांची किंमत सारखी, चाल मात्र अगदी निराळी, त्या तणावातच बुद्धिबळाची मजा आहे, असं काहीतरी बोलला. थीलने कुतूहलाने दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि पुढे पैसेही घातले. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो डीपमाइंडचा, अटारीचे जुने व्हिडिओ गेम खेळणारा प्रोग्रॅम. त्याला नियम सांगितले नव्हते, फक्त पडद्यावरचे ठिपके आणि स्कोअर. खेळलेले क्षण साठवून ठेवायचे, त्यातले पुन्हा पुन्हा काढून त्यावर शिकायचं. झोपेत हिप्पोकॅम्पस दिवसभराचे अनुभव परत चालवून बघतो, तिथली ही कल्पना. विटा फोडायच्या ब्रेकआउटमध्ये तो प्रोग्रॅम कडेने बोगदा खणून चेंडू भिंतीच्या मागे पाठवायला आपणहून शिकला. गुगलने २०१४मध्ये कंपनी घेतली.

तुझी आणि त्याची बरोबरी मी करत नाहीये. त्याच्या हाताशी केंब्रिज होतं, नाव होतं. पण तुझ्याकडे एक प्रश्न आहे, आणि तो तू स्वतः मला सांगितलायस. तासगावच्या द्राक्षबागांतले फोटो दाखवून शिकवलेलं तुझं कॉम्प्युटर मॉडेल दावण्या आणि भुरी हे रोग झटक्यात ओळखायचं, आणि नाशिककडच्या बागेत नेलं की चुकायचं. पाऊस पडून गेल्यावर तर तासगावातच चुकायचं. तू म्हणालास, त्यातच कंपनी बुडाली. अरे, एका बागेत शिकलेलं दुसऱ्या बागेत का चालत नाही, हा प्रश्न कुठल्याही प्रयोगशाळेत हवाच आहे. आणि तो तुझ्याइतका चिखलात उभा राहून पाहिलेली माणसं फार नाहीत. पानांचे फोटो, बागायतदारांनी सांगितलेल्या फवारणीच्या नोंदी, सगळं दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेव. लॅपटॉप विकायच्या आधी ठेव.

परवा जेवणाच्या सुट्टीत क्वीन स्क्वेअरला जाऊन आलो. तिथेच त्याची ती प्रयोगशाळा. चिनाराच्या जातीची मोठी झाडं, हॉस्पिटलच्या पट्ट्या मनगटावर बांधलेले रुग्ण बाकांवर ऊन खात बसलेले. मी अर्धा तास बसलो आणि तुझा मेसेज परत ऐकला.

अर्जाचं पहिलं पान लिहून मला पाठव. कच्चं असलं तरी चालेल, मराठीत लिही, इंग्रजी आपण दोघं मिळून करू. काकूंना अजून सांगितलं नसशील तर सांग, त्या रागावणार नाहीत. डिसेंबरात मी दोन आठवडे घरी आहे, त्यातले चार दिवस तुझ्यासाठी ठेवलेत.

तुझा,
मंदार